मनाचे आरोग्य आणि आपली घराणी

(देवस्थानच्या वर्धापनदिनी अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी आजवर बहुधा देवस्थानचा इतिहास, मूर्तीच्या स्थलांतराची कथा, संतवाङ्मय असेच विषय निवडले गेले. यंदा कमिटीने मानसिक आरोग्य हा विषय सुचविला, तेव्हा देवाच्या दारी असला अशुभ विषय कशाला, अशी शंका काही वडीलधाऱ्या मंडळींनी बोलून दाखविली असे कानी आले. त्या शंकेपासूनच आरंभ करणे मला सोयीचे वाटते. याच सभामंडपात नेत्रतपासणी झाली, रक्तदान झाले, मधुमेहावर डॉक्टरांची भाषणे झाली. त्यांपैकी कशालाही आपण अशुभ म्हटले नाही. शरीराचे दुखणे देवासमोर मांडता येते आणि मनाचे मात्र झाकून ठेवावे लागते, हा भेद देवाने केलेला नाही, तो आपण केलेला आहे. मी वैद्य नव्हे. जे सांगणार आहे ते वाचून, जाणकारांना विचारून आणि कायद्याचा मजकूर समोर ठेवून सांगणार आहे, एवढेच आरंभी नमूद करतो.

प्रथम, मनाचे आरोग्य म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्याची जी व्याख्या केली आहे तिच्यात शारीरिक स्वास्थ्याच्या बरोबरीने मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याचा उल्लेख आहे. रोग नसणे एवढ्यालाच ती आरोग्य म्हणत नाही. पुढे त्याच संघटनेने मनाच्या आरोग्याचे वर्णन केले, त्याचा आशय असा की माणसाला स्वतःच्या कुवतीची जाण असावी, संसारातले नेहमीचे ताण त्याला पेलता यावेत, त्याच्या हातून काम व्हावे आणि आपल्या समाजाला त्याचा काही उपयोग व्हावा. या वर्णनात सदैव आनंदी असण्याची अट कोठेही नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मनाने निरोगी मनुष्य रडतो, रागावतो, घाबरतो, एखादी रात्र झोपेवाचून काढतो. जत्रेच्या दिवशी दिवजांच्या उजेडात हसतमुख दिसणारा प्रत्येक जण सुखी असतो असे नाही आणि गर्भागाराच्या खांबाला टेकून डोळे पुसणारी प्रत्येक बाई रोगी असते असेही नाही.

दुःख आणि रोग यांतली सीमारेषा ओळखण्याची युक्ती आपल्या पूर्वजांनी व्यवहारात चांगली साधली होती. घरात मृत्यू झाला की सूतक येते. बारा दिवस घर थांबते. शेजारी जेवण आणून देतात, नातेवाईक येऊन बसतात, कोणी काही विशेष बोलत नाही, पण बसतात. धर्मशास्त्राची बाजू क्षणभर दूर ठेवून पाहिले तरी, शोकाला दिलेली ती एक सन्मानाची रजा आहे. तेराव्या दिवशी शोक संपतो असे कोणीच मानीत नाही, परंतु त्यानंतर माणूस हळूहळू दुकानात जाऊ लागतो, कुळागराचे पाणी पाहू लागतो. हे जर महिने लोटले तरी घडलेच नाही, जेवण तुटले, झोप पहाटे तीनला मोडू लागली, पूर्वी ज्यात जीव रमे त्या भजनातही गोडी उरली नाही, हातून काम होईना, आपण घरावर भार आहोत असे वाटू लागले, तर त्याला केवळ शोक म्हणू नये. शोकाचे कारण नसतानाही अशी अवस्था येऊ शकते. ती दिवसचे दिवस, रोज, दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर वैद्याने पाहावे असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. याला आपण नैराश्य किंवा विषादाचा विकार म्हणतो. तो आळस नव्हे आणि देवावरील श्रद्धा उणी पडल्याचे लक्षणही नव्हे. अत्यंत श्रद्धाळू, रोज अभिषेकाला उभे राहणारे गृहस्थही त्यातून जातात.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय आपल्यापैकी पुष्कळांना मुखोद्गत असेल. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, हातातले धनुष्य गळते. या वर्णनावरून अर्जुनाला मनोरुग्ण ठरविण्याचा उद्योग अलीकडे काही उत्साही व्याख्याते करतात, तो मला मान्य नाही. त्याच्यासमोर खरोखरच भयंकर प्रसंग उभा होता. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. त्या संपूर्ण अध्यायात भगवंत जवळजवळ काहीच बोलत नाहीत. रथ उभा करून, समोर जमलेल्या कौरवांना पाहा, एवढे ते म्हणतात, आणि मग अर्जुनाला शेवटपर्यंत बोलू देतात. उपदेश येतो तो त्यानंतरच्या अध्यायात. आपल्या घरी कोणी म्हणाले की मला काही सुचत नाही, तर आपण त्याचे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच अठरावा अध्याय सांगू लागतो.

आता आपल्या गोमंतकाचीच एक गोष्ट. पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी, आडव्या पडलेल्या स्त्रीवर हात पसरून उभ्या असलेल्या एका धर्मगुरूचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला तो पुतळा १९४५ साली उभारला गेला. तो आबे फारिया यांचा. जोझे कुस्तोदियो द फारिया हे बारदेशातील कांदोळी येथे ३१ मे १७५६ रोजी जन्मले. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष कोलवाळचा अनंत शेणवी होता असे सांगितले जाते. म्हणजे धर्मांतराच्या त्या दुर्धर काळात ज्या वृक्षाच्या फांद्या वेगळ्या झाल्या, त्यांतलीच ही एक. मुलगा पंधरा वर्षांचा असताना, १७७१ साली, पिता त्याला घेऊन लिस्बनला गेला. पुढे रोम आणि अखेर पॅरिस.

लिस्बनमधली आख्यायिका गोव्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. राणीसमोर प्रवचन करण्याचा प्रसंग आला, समोरचा तो भपकेबाज श्रोतृवर्ग पाहून तरुण फारियाची वाचा बसली, तेव्हा पित्याने हळूच कोंकणीत सांगितले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि मुलाची जीभ मोकळी झाली. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातले मर्म पाहण्यासारखे आहे. घाबरू नकोस, मन घट्ट कर, एवढ्या मोठ्या घराण्यातला तू आणि असा काय करतोस, यांतले एकही वाक्य त्या पित्याने उच्चारले नाही. लाज वाटेल असे काही न बोलता त्याने मुलाच्या मनासमोरचे चित्रच बदलून टाकले.

मनावर शब्दाचा असा परिणाम का होतो, याचा शोध फारियांनी पुढे जन्मभर घेतला. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. प्रयोग करणाऱ्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने समोरचा मनुष्य निद्रिस्त होतो, असे ते मत. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून फारियांनी याच्या उलट सांगितले. माझ्यात कोणतीही अलौकिक शक्ती नाही, ती निद्रा येते ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनाच्या एकाग्रतेतून आणि अपेक्षेतून, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. लोकांनी त्यांची टर उडविली, त्यांच्यावर विडंबनपर नाटकही रंगभूमीवर आले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते निवर्तले. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील वैद्यांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि संमोहनशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान लाभले. (एगाश मोनीझ या पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञाने १९२५ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. याच मोनीझना पुढे १९४९ साली मेंदूवरील ज्या शस्त्रक्रियेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, ती आज त्याज्य ठरली आहे, आणि फारियांचा शब्दाच्या सामर्थ्याचा विचार मात्र टिकून आहे. कीर्तीचा हिशेब असा उलटासुलटा चालतो.) पणजीच्या आल्तिन्योवर जे मनोरुग्णालय होते त्यालाही फारियांचेच नाव होते. आज ते कार्य बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत चालते.

फारियांचा हा विचार मी देवळात मुद्दाम मांडतो आहे. आपण देवापुढे गाऱ्हाणे घालतो, पाकळ्या लावून प्रसाद घेतो, अंगारा कपाळी लावतो, आणि मनाला खरोखरच थंडावा वाटतो. कोणी शहाणा त्याची थट्टा करू लागला तर मी त्याच्या बाजूचा नाही. चिंतेने पोखरलेल्या मनाला, आपले म्हणणे कोणीतरी ऐकले, आपण एकटे नाही, या भावनेने जे बळ येते ते खोटे नसते. परंतु फारियांनीच दाखविल्याप्रमाणे ते बळ माणसाच्या स्वतःच्या मनातून उठते. आणि जेथे ते मनच रोगाने ग्रासले आहे तेथे त्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही. ज्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी ज्याची खात्री झाली आहे, अशा छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला, ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, औषध लागते. हा विकार शंभरांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी होतो, आणि बहुधा ऐन तारुण्यात, कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात सुरू होतो. उपचाराला जितका उशीर, तितके पूर्ववत होणे कठीण. घाडी, मग दुसरा घाडी, मग घाटापलीकडचा कोणी, मग अमुक देवस्थानी अवसर, असे करता करता वर्षे दोन वर्षे सहज जातात. आणि ती वर्षे रोग फुकट घालवीत नाही.

आमच्या जुन्या शास्त्रालाही हे अपरिचित नव्हते. चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे जप, होम, मणी, मंत्र. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषधी यांची योजना. आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. तिन्ही एकाच रांगेत बसविले आहेत. एक केले म्हणजे दुसरे नको, असे चरकाने म्हटलेले नाही. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात उन्मादाच्या प्रकरणी आचार्य असेही सांगतात की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे कोणी निर्दोष माणसाला उगाच छळीत नसतात. तेव्हा दोष त्यांच्यावर टाकू नये. पुढे ते दोष माणसाच्या कर्माकडे आणि बुद्धीच्या अपराधाकडे नेतात. तेथे मात्र आजच्या ज्ञानाने आपल्याला सावध राहावे लागते, कारण रुग्णालाच अपराधी ठरविण्याची आपली खोड जुनी आहे. सर्पगंधेचे उदाहरण घ्या. ही मुळी उन्मादावर आपल्याकडे परंपरेने वापरात होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर निबंध लिहिला. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि जगभरच्या मनोरुग्णालयांत ते काही काळ वापरले गेले. पुढे अधिक चांगली औषधे आली व ते मागे पडले. मनाच्या रोगावर मुळीपाल्याचे औषध चालते हे ज्या परंपरेला ठाऊक होते, तिचेच वारस आज गोळीला नाके मुरडतात याचे नवल वाटते.

उपाय करायचा तो देवाच्याच दारी, दुसरे काही नको, या हट्टाचा शेवट काय होतो ते २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे देशाने पाहिले. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांसाठी झोपड्यांतून आश्रम चालत. ६ ऑगस्टच्या पहाटे एका आश्रमाला आग लागली. आत रुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते; त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. त्या माणसांना तेथे आणून सोडणारे नातेवाईक दुष्ट होते असे मला वाटत नाही. ते थकलेले, लाजलेले आणि कोठे जावे हे न कळलेले लोक असावेत. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची आपणहून दखल घेतली. याच्या नेमके उलट उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तेथेही मनाने पिडलेले लोक पिढ्यान्पिढ्या येतात. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे दवा आणि दुआ या नावाने एक व्यवस्था सुरू झाली. येणाऱ्याची दुआ कोणी अडवीत नाही, मुजावर त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि तेच मुजावर त्याला आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितात. श्रद्धास्थानाच्या शब्दाला वजन असते. डॉक्टरकडे जा, हे डॉक्टरने सांगणे वेगळे आणि आमच्या भटजींनी सांगणे वेगळे.

आता थोडे आपल्या घराण्यांविषयी. हे बोलताना कोणा एका घराकडे माझा रोख नाही, आणि तसा तर्क कोणी करू नये. मोठ्या चौसोपी घरात मागल्या बाजूची एक खोली असते. तिच्यातला काका किंवा आत्या चतुर्थीला माटोळीखाली कधी दिसत नाही. पाहुण्यांना सांगितले जाते की त्यांना गर्दी सोसत नाही. मुले मोठी होतात, त्यांना त्या व्यक्तीचे नाव ठाऊक असते पण आजाराचे नाव ठाऊक नसते. घरात लग्नकार्य निघाले की त्या खोलीचे दार अधिकच घट्ट लागते. घराण्याच्या नावासाठी हे केले जाते. परंतु झाकल्याने आजार जात नाही. उपचार मात्र जातो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. तिच्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर होते. गोवा त्या बारा राज्यांत नव्हते, म्हणून ते आकडे तसेच्या तसे आपल्यावर लावता येणार नाहीत. तरीही या सभामंडपात दीडशे प्रौढ माणसे बसली आहेत असे धरले, तर उरलेला हिशेब आपण मनातल्या मनात करावा.

दुसरी गोष्ट वृद्धांची. मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात, कोणी लिस्बन आणि लंडनला. गावच्या घरात दोन म्हातारी माणसे, कधी एकच. सकाळी देवपूजा, दुपारी दूरदर्शन संच, रात्री मुलाचा फोन. आजी हल्ली फारशी बोलत नाहीत, एक वेळच जेवतात, हे मुलाला फोनवर दिसत नाही, आणि शेजारी म्हणतात वय झाले. वय झाल्याने गुडघे दुखतात. वय झाले म्हणून जगण्याचा कंटाळा यावा असा नियम नाही. म्हातारपणीचे नैराश्य औषधाने आणि संगतीने बरे होते. विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश यांचीही आपण गल्लत करतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. शिवाय नैराश्यानेही स्मरण मंदावते, ते बरे झाले की परत येते. म्हणून तपासून घेतल्यावाचून निदान करू नये. दारूविषयी मी आज विस्तार करीत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. एवढेच म्हणतो की अनेक पुरुषांचे नैराश्य पेल्याआड लपलेले असते आणि आपण केवळ पेल्यालाच दोष देऊन मोकळे होतो.

आपल्याकडे महाजन म्हणून नोंद पुरुषांची होत आली. घरातल्या दुखणेकऱ्याचे करणे, त्याची बोलणी सोसणे, त्याच्या औषधाच्या वेळा सांभाळणे हे मात्र बहुधा सुना, लेकी आणि आया करतात. त्यांच्या मनाचे आरोग्य कोणी पाहायचे हा प्रश्न मी पुरुष महाजनांपुढे ठेवतो.

कायद्याची माहिती पुष्कळांना नसते, ती थोडक्यात देतो. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या नावातच वेडेपणाचा शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो शब्द गेला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने दृष्टीच बदलली. मानसिक उपचार मिळणे हा आता नागरिकाचा हक्क आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखली पाहिजे. पुढे कधी आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे मनुष्य बरा असताना लिहून ठेवू शकतो. आरोग्यविम्यात शारीरिक आणि मानसिक आजार यांना समान लेखावे असेही त्यात आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे कलम ११५ सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम राहिलेले नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने असे प्रकरण घरात दडपून, माणसाला इस्पितळात न नेण्याचे आता काहीही कारण नाही. एक भ्रम येथेच दूर करतो. जीव द्यावासा वाटतो का, असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. शांतपणे, थेट विचारावे. उत्तर होय आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके, गोळ्यांचे साठे दूर करावेत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास आणि विनामूल्य.

सर्वच रुग्णांना मनोविकारतज्ज्ञ लागतो असेही नाही, आणि तितके तज्ज्ञ आपल्या देशात नाहीत. याबाबत गोव्याने जगाला एक पाठ दिला आहे, तो आपल्यालाच फारसा ठाऊक नाही. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, गोव्यातील चोवीस दवाखान्यांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांशी ठरावीक पद्धतीने बोलायचे, त्यांचा पाठपुरावा करायचा, आणि गरज असेल तेथे डॉक्टरने औषध द्यायचे. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याचा स्पष्ट लाभ दिसून आला. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. २०१० साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. आपल्या आरोग्यकेंद्रांत बसून साध्या माणसांनी साध्या माणसांशी केलेले हे बोलणे आज इतर देशांतले तज्ज्ञ अभ्यासतात.

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे, आणि तिच्यावर येत्या सर्वसाधारण सभेत मोकळेपणी चर्चा व्हावी. अग्रशाळेतील कार्यालयालगतची खोली जत्रेचे दिवस सोडले तर रिकामीच असते. महिन्यातून एक रविवार तेथे प्रशिक्षित समुपदेशक बसावा. फलकावर मानसिक, मनोरुग्ण असले शब्द नकोत. बोलण्याची खोली, एवढेच लिहावे. नोंदवही ठेवू नये. कोण आले, कोण गेले याची चौकशी मुखत्याराने किंवा शिपायाने करू नये. टेलिमानसचा क्रमांक पावणीच्या सूचना लावतो त्याच फलकावर कायमचा लावावा. पुरोहितमंडळींना एक दिवस बांबोळीच्या तज्ज्ञांशी बोलण्याची संधी द्यावी, म्हणजे प्रसादाला आलेल्या माणसात काय दिसले तर त्याला पुढे पाठवावे हे त्यांना कळेल. खर्चाचा प्रश्न निघेल. पंखा, चार खुर्च्या, पाण्याचा माठ आणि समुपदेशकाचा प्रवासखर्च, याहून अधिक काही लागणार नाही. आपल्या जत्रेत एका रात्रीच्या रोषणाईला यापेक्षा जास्त पैसे लागतात.

व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी एक येथे नोंदवावासा वाटतो, कारण तो विचारणाऱ्या भगिनीचा आवाज कापत होता आणि सभामंडप एकदम शांत झाला. त्यांनी विचारले, घरातल्या मुलाचे औषध चालू आहे, तो कामावर जातो, चांगला आहे. स्थळ आले तर सांगावे की नाही?

मी म्हणालो, वहिनी, सांगावे. आणि ते मध्यस्थाच्या तोंडून न जाता मुलाने स्वतः, त्या मुलीला समोरासमोर सांगावे, पत्रिका जुळण्याआधी नव्हे तर दोघांची ओळख झाल्यावर आणि होकार देण्याआधी. तिला हवे असेल तर त्याच्या डॉक्टरांना भेटवावे. काही स्थळे परत जातील, त्याचे दुःख होईल. परंतु न सांगता लग्न झाले, तर नव्या नवरीसमोर गोळी घ्यायची कशी म्हणून तो ती लपवील, मग चुकवील, मग सोडील. आणि आजार उलटण्याचे सर्वांत ठळक कारण औषध सोडणे हेच आहे. तेव्हा जे उघडे पडेल ते फार वाईट रीतीने उघडे पडेल आणि त्यात दोन घरे पोळतील. ज्या मुलीने ऐकून, विचारून, समजून होकार दिला ती सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी त्याच्या हाती देईल. त्यावर मागच्या रांगेतून एक वृद्ध महाजन उठून म्हणाले, आमच्या घरात अशी सून आहे. त्यांनी नाव सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.